जुना लॅपटॉप, लिनक्स आणि गेम: इंदूरच्या नवख्या खेळाडूंसाठी

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि इंदुरातल्या कितीतरी मराठी घरांत एकच पेच उभा राहिला. सुदामा नगर असो, राजेंद्र नगर असो की रामबाग, मुलाच्या कॉलेजसाठी कधीकाळी घेतलेला लॅपटॉप ठणठणीत आहे, पण विंडोज ११ त्याला घेत नाही. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो. सातव्या पिढीचा आय-फाइव्ह कितीही छान चालत असला तरी तो बहुतेक वेळा यादीबाहेर. दुकानात नेला की "भिया, अब तो नया ही ले लो" हे उत्तर ठरलेलं.

नवा घेण्याआधी त्याच लॅपटॉपवर लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टम, टाकून पाहा, असं मी मनापासून सांगतो. मोठ्या माणसांना ते लगेच पटतं, कारण त्यांचं काम ब्राउझर आणि चार कागदपत्रांत भागतं. मुलं मात्र विचारतात, "पण काका, त्यावर गेम चालतात का?" हा प्रश्न मुळीच पोरकट नाही. घरात एकच कॉम्प्युटर असेल, तर त्यावर गेम चालतात की नाही यावरच तो वापरला जाईल की कोपऱ्यात पडेल हे ठरतं.

गेम चालतात, आणि बरेच चालतात, पण सगळे नाही. म्हणून माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे: आधी गेमची यादी करा, मग लिनक्स टाका. उलट क्रमानं गेलेली मुलं दोन दिवसांत वैतागतात आणि दोष लिनक्सला देतात.

हे चालतं कसं

विंडोजसाठी बनवलेला गेम चालताना सतत विंडोजकडे काही ना काही मागत असतो: फाइल उघड, आवाज वाजव, चित्र काढ. लिनक्सला ती भाषा येत नाही. वाइन नावाचा मोफत प्रकल्प १९९३ पासून या मागण्या लिनक्सला समजतील अशा करून देतो. ऑगस्ट २०१८ मध्ये स्टीम हे गेमचं ऑनलाइन दुकान चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीनं वाइनवर आधारलेलं प्रोटॉन आणलं आणि ते थेट स्टीममध्ये बसवलं. गेमचं चित्र विंडोजवर डायरेक्टएक्स काढतं. प्रोटॉनमधला डीएक्सव्हीके हा भाग जुनं डायरेक्टएक्स, म्हणजे ९, १० आणि ११, वल्कन या चित्र काढायच्या दुसऱ्या पद्धतीत बदलतो. डायरेक्टएक्स १२ साठी व्हीकेडी३डी-प्रोटॉन आहे. वल्कन लिनक्सवर उत्तम चालतं, म्हणून वेग फारसा पडत नाही.

फेब्रुवारी २०२२ मध्ये व्हॉल्व्हचं स्टीम डेक हे हातात धरायचं यंत्र आलं. ते लिनक्सवरच चालतं, त्यामुळे आपला गेम लिनक्सवर नीट चालावा याची काळजी कंपन्या स्वतःहून घेऊ लागल्या. तुमच्या जुन्या लॅपटॉपलाही त्याचाच फायदा मिळतो.

पहिली पायरी: कागद घ्या आणि गेमची नावं लिहा

घरातल्या प्रत्येकाला विचारा. ताई कधीतरीच खेळत असली तरी तिचाही गेम लिहा. मग प्रोटॉनडीबी या साइटवर एकेक नाव शोधा. तिथे खेळणाऱ्यांनी दिलेल्या अनुभवांवरून प्रत्येक गेमला दर्जा मिळतो: प्लॅटिनम, गोल्ड, सिल्व्हर, ब्रॉन्झ आणि बोर्क्ड. प्लॅटिनम म्हणजे काही न करता चालतो, गोल्ड म्हणजे किरकोळ खटपट करून छान चालतो, बोर्क्ड म्हणजे चालतच नाही. नुसता बिल्ला पाहून थांबू नका. खालचे अलीकडचे अनुभव वाचा आणि तुमच्यासारखं ग्राफिक्स कार्ड असलेल्याचं म्हणणं जास्त धरा. तीन वर्षांपूर्वीची तक्रार आज लागू असेलच असं नाही.

खरी भिंत आहे ती अँटी-चीटची. ऑनलाइन स्पर्धेच्या गेममध्ये लबाडी पकडणारा प्रोग्राम असतो आणि काही कंपन्यांचा हा प्रोग्राम विंडोजच्या अगदी गाभ्यात, कर्नलमध्ये, जाऊन बसतो. लिनक्समध्ये तो गाभाच नाही, त्यामुळे प्रोटॉनच्या हातात काही उरत नाही. व्हॅलोरंट याच कारणानं चालत नाही. २०२४ मध्ये तीच व्यवस्था लीग ऑफ लेजंड्सला लागली आणि तोपर्यंत चालणारा तो गेमही बंद झाला. फोर्टनाइट, पब्जीची पीसी आवृत्ती, नव्या कॉल ऑफ ड्यूटीचा ऑनलाइन खेळ आणि ईए कंपनीचे अलीकडचे फुटबॉल गेम याच रांगेत येतात. एपेक्स लेजंड्स लिनक्सवर चालत असे, पण २०२४ च्या शेवटी कंपनीनं लिनक्सचा दरवाजा बंद केला.

इझी अँटी-चीट आणि बॅटलआय या दोन प्रसिद्ध व्यवस्था २०२१ पासून प्रोटॉनबरोबर चालू शकतात, पण ती परवानगी प्रत्येक गेमच्या कंपनीनं स्वतः द्यायची असते. जीटीए ५ चं उदाहरण घ्या. त्याची कथा लिनक्सवर सुरेख चालते. ऑनलाइन भागाला सप्टेंबर २०२४ मध्ये बॅटलआय लावलं, लिनक्ससाठी परवानगी दिली नाही, आणि ऑनलाइन बंद झालं. एकाच गेमचा अर्धा भाग चालतो, अर्धा नाही. म्हणून यादीत नुसतं "जीटीए" लिहू नका, कथा की ऑनलाइन तेही लिहा.

उलट काउंटर-स्ट्राइक २ आणि डोटा २ लिनक्ससाठीच बनवलेल्या आवृत्तीत मिळतात, दोन्ही मोफत सुरू करता येतात आणि ऑनलाइन खेळता येतात. माइनक्राफ्टची जावा आवृत्तीही थेट चालते. बीजीएमआय आणि फ्री फायर हे फोनचे गेम, ते फोनवरच राहू द्या.

यादीत व्हॅलोरंट असेल आणि भाचा रोज संध्याकाळी मित्रांसोबत तोच खेळत असेल, तर मी स्पष्ट सांगतो: त्याच्या कॉम्प्युटरवरचं विंडोज काढू नका. त्याच्या मैत्रीचा अर्धा व्यवहार तिथे चालतो. बाकीच्यांनी पुढे वाचावं.

दुसरी पायरी: यंत्र तपासा

इंटेलच्या प्रोसेसरमधलं ग्राफिक्स असेल तर सहाव्या पिढीपासून पुढे वल्कन नीट चालतं. चौथ्या-पाचव्या पिढीत नवं प्रोटॉन अडतं, तिथे जुने आणि हलके गेम धरा. एएमडीचं काम सर्वांत सोपं, कारण त्याचा ड्रायव्हर लिनक्समध्ये आधीपासून असतो. एनव्हिडियाचा ड्रायव्हर वेगळा टाकावा लागतो, पण तो एका बटणाचा मामला आहे. जीटी ७१० सारख्या फार जुन्या कार्डावर आजचे डीएक्सव्हीके चालत नाही. तिथे स्टीममध्ये प्रोटॉन ७.० निवडून जुने गेम खेळता येतात.

पैसे खर्च करायचेच असतील तर नव्या लॅपटॉपऐवजी दोन वस्तूंवर करा. पहिली एसएसडी, म्हणजे हार्ड डिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क. जुन्या हार्ड डिस्कवर गेम उघडेपर्यंत खेळायची इच्छा मरते. दुसरी रॅम, आणि इथे एक बारकावा दुकानात कोणी सहसा सांगत नाही: वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या लॅपटॉपमध्ये चित्र काढायला रॅमच वापरली जाते, म्हणून ८ जीबीची एक पट्टी असण्यापेक्षा ४-४ च्या दोन पट्ट्या असल्या तर गेम लक्षणीय वेगानं चालतो. दोन वाटांनी माल आला की चित्र काढणं थांबत नाही. आरएनटी मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमध्ये जाल तेव्हा लॅपटॉप सोबत न्या, मागचं झाकण उघडून दुसरी जागा आहे का ते आधी पाहून घ्या, आणि डीडीआर३ की डीडीआर४ हे विचारूनच पट्टी घ्या.

आणखी एक, आपल्या हवेबद्दल. मे महिन्यात इंदुरात पारा चाळिशी ओलांडतो. आत धूळ साचलेला लॅपटॉप तापला की प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो आणि गेम अडखळायला लागतो. लोक त्याचा दोष लिनक्सला देतात. आधी पंखा साफ करून घ्या, जुनी थर्मल पेस्ट बदलून घ्या, आणि गादीवर ठेवून खेळू नका. दुपारी खेळायचंच असेल तर फ्रेमची, म्हणजे सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची, मर्यादा ३० किंवा ४० वर ठेवा. खेळ फारसा संथ वाटणार नाही आणि यंत्र थंड राहील.

तिसरी पायरी: पेन ड्राइव्हवरून चाखून पाहा

लिनक्सचे अनेक प्रकार आहेत, त्यांतलं नवख्यांना मी लिनक्स मिंट सुचवतो. त्याची मांडणी विंडोजसारखी आहे, आणि मिंट २२ ची मालिका २०२९ पर्यंत सांभाळली जाणार आहे. रॅम ८ जीबी असेल तर सिनॅमन आवृत्ती घ्या, ४ जीबी असेल तर एक्सएफसीई. गेमसाठी खास बनवलेलं बॅझाइटही चांगलं आहे, विशेषतः ग्राफिक्स कार्ड अगदी नवं असेल तर. पण अडलात तर मदत करणारा शेजारी मिंटवाला भेटण्याची शक्यता जास्त.

मिंटच्या अधिकृत साइटवरून आयएसओ फाइल उतरवा, साधारण ३ जीबी होते. ८ जीबीचा पेन ड्राइव्ह घ्या आणि बलेना एचर किंवा रुफस वापरून ती फाइल त्यावर लिहा. पेन ड्राइव्हवरचं आधीचं सगळं पुसलं जाईल, लग्नाचे फोटो असतील तर आधी काढा.

लॅपटॉप बंद करून पुन्हा सुरू करताना बूटची, म्हणजे कशावरून सुरू व्हायचं ते विचारणारी, यादी उघडायची. डेल आणि लेनोव्होवर बहुधा एफ १२, एचपीवर एफ ९. पेन ड्राइव्ह निवडला की मिंट डिस्कला हात न लावता सुरू होतं. इथे घाई करू नका. वायफाय जोडा, एखादं गाणं लावून आवाज ऐका, टचपॅड फिरवा, झाकण मिटून उघडा. हे सगळं जमलं तरच पुढे जा.

चौथी पायरी: बसवणं

विंडोजमधले फोटो, कागदपत्रं आणि गेमचे सेव्ह दुसऱ्या डिस्कवर घ्या. स्टीमचे बरेच गेम सेव्ह क्लाउडवर ठेवतात, पण सगळे नाही. कितीतरी जुने गेम ते डॉक्युमेंट्समध्ये ठेवतात. दोनशे तासांचा खेळ गेला तर मुलाचं दुःख खरं असतं, म्हणून हे दोनदा तपासा.

विंडोज ठेवून शेजारी लिनक्स बसवता येतं. त्यासाठी आधी विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप बंद करा आणि बिटलॉकर, म्हणजे विंडोजनं डिस्कला लावलेलं कुलूप, चालू असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या. त्यानंतर मिंटच्या डेस्कटॉपवरचं इन्स्टॉलचं चिन्ह दाबा. ते स्वतःच विचारतं: शेजारी बसवू की सगळं पुसून बसवू. मल्टीमीडिया कोडेकच्या, म्हणजे गाणी आणि व्हिडिओ चालवायच्या सोयीच्या, चौकोनात खूण करा. बाकी प्रश्न सोपे आहेत.

सुरू झाल्यावर पहिलं काम अपडेट मॅनेजर. दुसरं टाइमशिफ्ट, त्यात एक स्नॅपशॉट घेऊन ठेवा, म्हणजे काही बिघडलं तर मागे जाता येतं. मग एनव्हिडियावाल्यांनी ड्रायव्हर मॅनेजर उघडून 'रेकमेंडेड' लिहिलेला ड्रायव्हर निवडावा आणि लॅपटॉप रीस्टार्ट करावा. सिक्युअर बूट चालू असेल तर बसवताना एक पासवर्ड मागितला जातो आणि पुढच्या वेळी निळ्या पडद्यावर तोच पुन्हा द्यावा लागतो. तो पडदा पाहून घाबरू नका, 'एनरोल एमओके' निवडा. लॅपटॉपमध्ये इंटेल आणि एनव्हिडिया दोन्ही असतील, तर खाली पट्टीत एनव्हिडियाचं चिन्ह येतं. खेळताना तिथे परफॉर्मन्स मोड निवडा.

पाचवी पायरी: स्टीम

सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये स्टीम शोधा. दोन पर्याय दिसतील: सिस्टम पॅकेज आणि फ्लॅटपॅक. सिस्टम पॅकेज घ्या. खात्यात शिरलात की तुमचे विकत घेतलेले सगळे गेम दिसतील, पुन्हा पैसे द्यायचे नाहीत. सेटिंग्जमध्ये कम्पॅटिबिलिटी हा भाग आहे. जुन्या आवृत्तीत तिथे सगळ्या गेमसाठी स्टीम प्ले चालू करावं लागे, नव्यात ते आपोआप चालू असतं. पाहून खात्री करा.

पहिल्यांदा गेम सुरू करताना 'वल्कन शेडर्स' तयार होत असल्याची पट्टी येते. जुन्या लॅपटॉपवर तिला बराच वेळ लागतो. तेवढ्यात चहा करा, पण पट्टी वगळू नका. ती पूर्ण झाली की खेळताना मध्येच येणारे झटके कमी होतात.

आता सर्वांत जास्त जणांना छळणारी गोष्ट. विंडोजच्या डी ड्राइव्हवर गेम आधीच उतरवलेले असतात आणि मोह होतो की स्टीमला तोच ड्राइव्ह दाखवावा. तसं करू नका. तो ड्राइव्ह एनटीएफएस पद्धतीचा असतो आणि प्रोटॉनला फाइलींच्या नावांत आणि जोडण्यांत अशा गोष्टी लागतात ज्या तिथे नीट बसत नाहीत. गेम सुरू होतो, बंद पडतो, आणि कारण कळत नाही. गेमसाठीची जागा ईएक्सटी४ पद्धतीनं फॉरमॅट करा. मिंटमधलं डिस्क्स नावाचं साधन ते करून देतं. मग स्टीमच्या स्टोरेज सेटिंगमध्ये ती जागा जोडा.

गेम पुन्हा उतरवायला डेटा नसेल तर २०२३ पासून एक छान सोय आहे: एकाच वायफायवर दोन कॉम्प्युटरांत स्टीम चालू असेल, तर गेम इंटरनेटऐवजी शेजारच्या कॉम्प्युटरवरून येतो. भंवरकुआँच्या खोल्यांत राहून शिकणाऱ्या मुलांना याचा मोठा उपयोग आहे.

नवा गेम घेताना भीती वाटत असेल तर स्टीमचा नियम लक्षात ठेवा: खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळलेला असेल तर पैसे परत मागता येतात. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा २०२० मधला राजी, किंवा तुम्हाला आवडलेला कुठलाही विंडोजचा गेम, याच हिमतीनं घेऊन पाहा.

एपिक, गॉग आणि जुन्या सीड्या

एपिक या स्टीमसारख्याच दुकानात दर आठवड्याला मिळणारे मोफत गेम साठवले असतील तर हिरोइक गेम्स लाँचर टाका. एपिक, गॉग (हेही गेमचं ऑनलाइन दुकान) आणि ॲमेझॉन ही तिन्ही खाती त्यात चालतात. जुन्या सेटअप फाइलींसाठी बॉटल्स किंवा लुट्रिस आहे. सीडीवरच्या गेममधलं कॉपी प्रोटेक्शन पुष्कळदा अडवतं. त्यातलं सेफडिस्क तर विंडोज १० नंही बंद केलं होतं. असा गेम गॉगवर आहे का ते पाहा, तिथे कुलूप नसलेली आवृत्ती मिळते.

पेन ड्राइव्हमध्ये भरून मिळणारे क्रॅक केलेले गेम घेऊ नका, हे मी पालकांनाही कळकळीनं सांगतो. लिनक्सवर व्हायरस येत नाही या समजावर विसंबून मुलं ते बिनधास्त चालवतात. वाइनमधल्या विंडोज प्रोग्रामला झेड ड्राइव्हमधून तुमच्या घरच्या फोल्डरपर्यंत पोहोचता येतं. तिथे आईचे बँकेचे कागद असतात.

पैसे नसतील तर चोरी करायचीही गरज नाही. सॉफ्टवेअर मॅनेजरमध्येच सुपरटक्सकार्ट आहे, गाड्यांची शर्यत, भावंडांनी एकाच कीबोर्डवर खेळावी अशी. ०ए.डी. मध्ये मौर्य साम्राज्य घेऊन हत्ती लढवता येतात. बॅटल फॉर वेसनॉथ आणि ओपनटीटीडी जुन्यातल्या जुन्या लॅपटॉपवर चालतात. माइनक्राफ्टसारखं हवं असेल तर लुआंटी, ज्याचं नाव २०२४ पर्यंत माइनटेस्ट होतं. मी तर म्हणेन, सगळं बसवून झाल्यावर पहिला गेम सुपरटक्सकार्टच सुरू करा. तो नीट पळाला तर ग्राफिक्सचा ड्रायव्हर जागेवर आहे हेही कळतं.

एक्सबॉक्स आणि प्लेस्टेशनचे कंट्रोलर वायरनं जोडले की लगेच ओळखले जातात. स्वस्त कंट्रोलरवर एक्स-इनपुट आणि डी-इनपुट असं बटण असेल तर एक्स-इनपुट निवडा.

अडलं तर

याच क्रमानं करून पाहा. गेमवर उजवं क्लिक, प्रॉपर्टीज, इन्स्टॉल्ड फाइल्स, आणि फाइली तपासून घ्या. नाही जमलं तर प्रॉपर्टीजमधल्या कम्पॅटिबिलिटीत जाऊन प्रोटॉनची वेगळी आवृत्ती निवडा: आधी प्रोटॉन एक्सपेरिमेंटल, मग एखादी जुनी. कट सीनच्या, म्हणजे मध्येच येणाऱ्या कथेच्या व्हिडिओच्या, जागी रंगीत पट्ट्या किंवा काळा पडदा दिसत असेल तर प्रोटॉनअप-क्यूटी नावाच्या साधनानं जीई-प्रोटॉन उतरवा. त्यात व्हिडिओसाठीच्या जास्तीच्या दुरुस्त्या असतात. लिनक्सची वेगळी आवृत्ती असलेला गेम कुरकुरत असेल, तर त्यालाही प्रोटॉन लावून विंडोजची आवृत्ती चालवता येते. कधीकधी तीच जास्त बरी निघते, कारण काही कंपन्या लिनक्सची आवृत्ती एकदा काढून विसरून जातात.

तरीही थांबलात तर कोणाला तरी विचारा, पण नुसतं "गेम चालत नाही दादा" असं लिहू नका. मिंटमध्ये सिस्टम रिपोर्ट्स (नव्या आवृत्तीत सिस्टम इन्फर्मेशन) नावाचं साधन आहे, त्यातली माहिती एका बटणानं कॉपी होते. ती जोडा, गेमचं नाव, प्रोटॉनची आवृत्ती, गेम कुठल्या डिस्कवर आहे आणि नेमका कुठे थांबतो ते लिहा: बटण दाबल्याबरोबर, कंपनीचं चिन्ह दिसल्यावर, की खेळ सुरू झाल्यावर. एवढ्यावरून जाणकार माणूस बहुतेक वेळा पहिल्याच उत्तरात दुखणं ओळखतो.